पाऊस पडला की शाळा

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचही दोनदा बदलली. तरी तुमच्या लेकीला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या नातीला, म्हणजे तुमच्या पणतीला, साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठाचं पत्र आलं. मोबाईलवर आलं, पोस्टमन नाही की काही नाही. मी ऐकलं अन् तशीच वडवणीला जाऊन पेढे आणले, गल्लीत वाटूनही टाकले. घरी येते तर पोरगी कपाळाला हात लावून बसलेली.

"आज्जे, कावून वाटलेस पेढे? अजून पक्कं न्हाई. अटी हायत."

"कसल्या अटी? या म्हणलंय का न्हाई?"

"या म्हणलंय. पण इंग्रजीच्या परीक्षेत मार्क पडले तर या. अन् मधल्या वर्षात काय केलं त्याचा दाखला द्या, मग या."

आता हे कसलं बोलावणं? जेवायला या म्हणायचं अन् पाट उलटा ठेवायचा! मधलं वर्ष म्हणजे कॉलेज झाल्यावर ती गावातल्या दूध सोसायटीत फॅट तपासायला होती, ते. शेवटी तिनं त्यातूनच मला समजावलं. "आज्जे, तू दूध आणलंस की मी किटली ठिवून घेते. पण फॅट लागायच्या आधी पावती देते का?"

"न्हाई देत. सख्ख्या आज्जीला सुदिक न्हाई देत."

"मंग? त्यांनी माझी किटली ठिवून घेतलीय. पावती यायचीय."

लख्ख कळलं. लगेच दाखल्यासाठी तिला घेऊन सोसायटीच्या चेअरमनकडं गेले. त्यानं लिहिलं काय, तर मुलगी सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, घराणं चांगलं. मी म्हणाले, "साहेब, पोरगी तिकडं नांदायला न्हाई, शिकायला चाललीय. तुमच्याच दुधात पाणी पकडलं होतं तिनं, ते लिवा की!" रांगेतल्या बाया किटल्या खाली ठेवून हसल्या. तो लाल झाला, पण लिहिलं: तपासणी चोख, कुणाचा मुलाहिजा नाही. इंग्रजीचा सराव तिनं म्हशीपुढं उभं राहून केला. म्हैस तेवढे दिवस दूध चोरायची. पण मार्क पडले, अन् काल पक्कं पत्र आलं. मी पुन्हा पेढे वाटले. गल्लीनं पुन्हा खाल्ले, मागच्याचं नाव कुणी काढलं नाही.

पेढा खाता खाता नात म्हणाली, "आज्जे, तुझी शाळा कावून सुटली?" मी नेहमीचं सांगितलं. मोठ्या दुष्काळात विहिरी आटल्या, आण्णांनी मला तिसरीतून काढून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला नेलं. म्हणाले, बाई, पाऊस पडला की शाळा. "म्हंजे तुलाबी अटीवरच जागा होती की! मंग पाऊस पडला न्हाई?" पडला, मी म्हणाले, पण आण्णा विसरले. सासरी हेच सांगितलं, लेकरांना हेच सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा रडताना सुदिक हेच सांगितलं. नात अशी काही रागानं तुमच्या फोटोकडं बघायला लागली की मी अर्धा पेढा तसाच खाली ठेवला.

हे पत्र टाकायचं कुठं? पेढ्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते. जोडाक्षरं चुकली असतील, तिसरीपुरतीच आहेत. नातीला खरं अजून सांगितलं नाही. ती विमानात बसेपर्यंत तेवढा ठपका तुमच्यावरच राहू द्या. पाऊस पडला तेव्हा तुम्ही पाटी धुऊन, नवी पेन्सिल घेऊन मला शोधत आला होता. पण खडीवर मैत्रिणी होत्या, गाणी होती, दुपारी खायला सरकारी गोड सुकडी होती. अन् शाळेत धाकटा भाऊ माझ्याच वर्गात येऊन बसलेला, त्याच्या शेजारी बसायची लाज वाटली. मी गव्हाणीत आडवी होऊन लपले होते, आण्णा. तुमची तिसरी हाकसुद्धा ऐकली.