विशेषण एकटं पाठवायचं नाही

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज संकठाजीच्या गल्लीत कालिंदीनं मला थांबवलं आणि विचारलं, इंग्लिश शिकवशील का. त्या क्षणी आयुष्य बदललं. त्याआधीचं सगळं रद्द.
समोरच्या घरातली. ओळख लहानपणापासून, प्रेम गेल्या दिवाळीपासून. तिला कल्पना नाही, असली तर दाखवत नाही. नरहरकाकांच्या ट्रॅव्हल एजन्सीत गाइड घ्यायचाय. बारा तारखेला ट्रायल, परदेशी पाहुण्यांना बोटीतून काशीचे घाट दाखवायचे. ही नोकरी तिला हवीच आहे. नाही मिळाली तर घरचे तिला नागपूरला मावशीकडे धाडणार, तिथं एक बँकवाला बघून ठेवलाय. म्हणजे नोकरी तिची, जीव माझा.
हो म्हणालो. माझं बी.ए. अर्धवट आहे हे तिला माहीत आहे. पण इंग्रजी त्याआधीच पूर्ण झालं होतं.

५ नोव्हेंबर
पहिला क्लास. आमच्या गच्चीवर. आई मटार सोलत बसली. मटार एवढे नव्हते.
माझी मेथड सोपी. विशेषण एकटं पाठवायचं नाही. वरातीपुढे बँड असतो तसं त्याच्यापुढे क्रियाविशेषण हवं. टी इज हॉट, हे भिकार वाक्य. टी इज रिअली हॉट. आय अ‍ॅम सो टायर्ड. फूड वॉज अ‍ॅब्सोल्यूटली डिलिशस. कॉलेज सोडलं तेव्हा हाच चॅप्टर चालू होता, त्यामुळे ताजा आहे.
तिनं विचारलं, क्वाइट गुड म्हणजे खूप चांगलं की जेमतेम. सिच्युएशनवर आहे, म्हणालो. ती म्हणाली, म्हणजे माहीत नाही. राग आला, पण दाखवला नाही. आई म्हणते दाखवला. मटारची वाटी सांडली, एवढंच.
खरं तर प्रोफेसरांनी मला क्वाइट यूसलेस म्हटलं म्हणून मी वर्गातून निघून आलो. तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं.

८ नोव्हेंबर
चहाच्या टपरीवर गल्लीतला सुमंत म्हणाला, क्लास चल रहा है कि कुछ और. कॉलर धरली. बटण तुटलं. आईनं लावून दिलं, त्याचं. आजपासून रागावर कंट्रोल. आज अर्धा गेला, उद्यापासून.
कालिंदी साधीच वाक्यं बोलते. द रिव्हर इज कोल्ड. दिस टेम्पल इज ओल्ड. मी प्रत्येकाला पुढे काही ना काही जोडून देतो. ती म्हणाली, तुझं ऐकलं तर वाक्य संपेपर्यंत बोट मुन्शी घाटावरच उभी राहील. मग म्हणाली, सर इज प्रिटी अँग्री.
प्रगती आहे.

११ नोव्हेंबर
उद्या ट्रायल. मी बोटीत मागं बसतो म्हणालो, सपोर्टला. ती म्हणाली, येऊ नको ओजस. दोनदा म्हणाली.
विचार केला. संकोच असणार. जाणार.

१२ नोव्हेंबर, दुपार
लिहावंसं वाटत नाही.
मुन्शी घाटावर तिच्याआधी पोचलो. नावाड्याला, मोहन मल्लाहाला, सांगितलं, मी एजन्सीचा, आणि बोटीत बसलो. कालिंदी आली, मला पाहिलं, पाहुण्यांसमोर काही बोलली नाही. मेलबर्नचं जोडपं आणि त्यांची म्हातारी आई.
ती छान बोलत होती. सगळं साधं. म्हातारी मान डोलवत होती. मी मागून एकदोनदा रिअली पुरवलं, ते तिला ऐकू गेलं नसावं.
मणिकर्णिका घाट आला. कालिंदी गप्प झाली. मोहननं वल्हं हळू केलं. पायऱ्यांशी तिरडी गंगेत बुडवून काढत होते. म्हातारीनं हात जोडले. मला वाटलं, कालिंदी वाक्य विसरली. आपलं माणूस अडलेलं बघवत नाही. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, दिस घाट इज अ‍ॅब्सोल्यूटली वंडरफुल. कोणी काही बोलेना, म्हणून पुढे, एक्स्ट्रीमली पॉप्युलर.
मोहन म्हणाला, भइया, इहाँ चुप रहल जाला.
जळत्या घाटापुढून गप्प जायचं हे मला दुधाचे दात होते तेव्हापासून ठाऊक आहे. आजोबांना तिथंच अग्नी दिला. पण त्या वेळी मी इंग्रजीत होतो.
तिरडीपाशी एक मुलगा होता, माझ्याच वयाचा, डोकं नुकतंच भादरलेलं. त्यानं वळून पाहिलं.
संकठा घाटावर नरहरकाका उभे होते. पाहुणा त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलला. हसत नव्हता. काकांनी विचारलं, हा बोटीत कसा. मी म्हणालो, हिनंच बोलावलं, मी सर आहे हिचा. निघून गेलं तोंडातून. कालिंदीनं चपला घातल्या आणि पायऱ्या चढून गेली.

१३ नोव्हेंबर
काकांना खरं सांगायचं ठरलं. पण आज त्यांचा उपास. उपाशी माणसापुढे असले विषय नकोत.

१४ नोव्हेंबर
गेलो होतो. एजन्सीचं शटर अर्धं खाली होतं. अर्धं म्हणजे बंदच.

१६ नोव्हेंबर
कालिंदी हल्ली उजाडायच्या आत बाहेर पडते. देवीला जात असेल. नोकरी गेल्यावर माणूस देवाकडेच वळतं. माझ्यामुळे.
तिच्या खिडकीखाली खोकलो. खिडकी बंद झाली. थंडी पडलीय म्हणा.
आईनं विचारलं, क्लास का बंद. सिलॅबस संपला, म्हणालो. आई म्हणाली, कालिंदीची आई सकाळी नागपूरला फोनवर बोलत होती, बराच वेळ.
जेवलो नाही. चूडा-मटर खाल्ला, मटारचे पोहेच ते, पण ते जेवण नव्हे.

१७ नोव्हेंबर
तो डोकं भादरलेला मुलगा स्वप्नात आला. काही बोलला नाही. मीच बोलत होतो, इंग्रजीत.
उद्या काकांकडे. शटर कसंही असो.

१८ नोव्हेंबर
गेलो. काका पान लावून बसले होते. उभ्यानंच सांगितलं. तिनं मला बोलावलं नव्हतं, येऊ नको म्हणाली होती, खोटं मी बोललो, तिला घ्या, मला काय वाटेल ते बोला.
काका उठले, पिंक टाकून आले. म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं, मोहन बोलला. कालिंदीला विचारलं तर म्हणते, चूक माझीच, याला मुन्शी घाटावरच उतरवायला हवं होतं, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून बसू दिलं. ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आहे. पहाटेची बोट तिच्याकडेच दिलीय. आत्ताही पाहुण्यांबरोबरच आहे.
मी म्हणालो, मग नागपूर. काका म्हणाले, नागपूरला नकार कळवला तिच्या घरच्यांनी.
मला का नाही कोणी सांगितलं, म्हणालो.
काका म्हणाले, तीच म्हणाली, ओजसला सांगू नका. कळलं तर परत बोटीत येऊन बसेल.
अजून काही, असं त्यांनी विचारलं. रात्री तयार केलेलं भाषण बरंच उरलं होतं. नाही म्हणालो आणि बाहेर पडलो. आतून आवाज आला, दार लावून घे रे, मच्छर येतात.
लावून घेतलं.