टिल्लूचं हँडल

मार्गासनी,
रविवार, दुपार

प्रिय दादा,

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगते, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, तरी कामथडीच्या शेतावर तिची रोजची फेरी चुकत नाही. मी तुला तीनदा फोन लावला होता. तिन्ही वेळा तू जामनगरच्या उकाड्याचं बोललास, मी आमच्या भाताचं बोलले, आणि आपण "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहायला बसले.

टिल्लू चालू झाली, दादा.

हो, आपलीच. आईनं या उन्हाळ्यात जुना गोठा पाडला, तेव्हा आढ्याला टांगलेलं पोत्यातलं बोचकं खाली आलं. शिवानी सुट्टीला आजीकडेच होती. अकरा वर्षांची पोरगी ती, पोतं उसवल्याशिवाय राहते का? मला फोन करून ओरडली, "आई, हितं मोटारसायकलचं पिल्लू हाय!" तिचे बाबा टेम्पो घेऊन गेले आणि ते पिल्लू आमच्या दुकानात आलं. जळालेल्या पाण्याच्या मोटारी बाजूला सारून मी त्याला मधोमध जागा केली. नुसतं बघतच बसले. एवढीशी होती ती? आपल्याला केवढी वाटायची!

तुला ती बनताना आठवते का? अण्णा कापूरहोळच्या गॅरेजमधून संध्याकाळी यायचे, आणि रोज पिशवीत काहीतरी असायचं. कधी मोपेडचं भंगारातलं इंजिन, कधी मालाच्या ढकलगाडीची दोन चाकं. टाकी तर तेलाच्या पाच लिटरच्या डब्याची. आई म्हणायची, "पोरांसाठी बाप खाऊ आणतो, ह्यो लोखंड आणतोय." दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी ती अंगणात उभी केली, तेव्हा अख्खी आळी गोळा झाली होती. तू दहा वर्षांचा आणि मी आठ. टिल्लू हे नाव तू ठेवलंस.

मी गेली अठरा वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरते. लोकांच्या हातची कामं उघडून बघायची मला सवय आहे. चार स्क्रू काढले की माणूस कळतो. पण टिल्लू उघडली आणि माझा हातच थांबला. साखळीचं कव्हर त्यांनी पत्र्याचा डबा ठोकून केलंय आणि त्याची कड आतून दुमडलीय, आपला पाय कापू नये म्हणून. सायलेन्सरच्या बाहेरून गुंडाळलेली सुंभाची दोरी जळून गेलीय, पण तिचे वेढे अजून मोजता येतात. आणि सीट. सीटच्या उभ्या नळीला त्यांनी पाच भोकं पाडलीत, दादा. आपण वाढू तशी सीट वर करायला. खालची दोन भोकं बोल्ट घासून गुळगुळीत झालीत. वरच्या तिन्हींच्या कडा अजून धारदार आहेत, त्यातून बोल्ट कधी गेलाच नाही. मी त्या तीन भोकांवरून बोट फिरवत राहिले. एक माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या उघडतो, आणि घरी येऊन आपल्या पोरांची पुढच्या सहा-सात वर्षांची उंची मापून लोखंडाला भोकं पाडतो. अण्णा आपल्याशी बोलायचे किती? दिवसाला दहा वाक्यं. बाकीचं सगळं ते असं बोलत होते, आणि मला ते आत्ता ऐकू आलं.

पिस्टन अडकला होता. आठ दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला तेव्हा सुटला. ठिणगीची कॉईल मेली होती. भोरला कोणाकडे मिळेना, मग मीच भरली. केसाहून बारीक तार, आणि माझा डावा हात तर तुला माहीत आहे, कोपरात सरळ होत नाही. शिवानी शेजारी बसून वेढे मोजायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं.

राहिलं होतं फक्त हँडल. पोत्यात ते नव्हतंच. आईला विचारलं तर ती उठली आणि अण्णांच्या ट्रंकेतून एक कापडाची गुंडाळी घेऊन आली. आत ग्रीस फासलेलं हँडल, आणि ज्या दांड्यावरून ते तुटलं, तो दांडासुद्धा. बत्तीस वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. एवढं जपून माणूस तुटलेली वस्तू का ठेवतो?

तो दिवस तू विसरला नसशील. शाळेमागचा उतार, खाली ओढ्याची मोरी, तू चालवत होतास आणि मी मागे. मोरीच्या कठड्यावर गाडी आदळली, त्या दणक्यानं हँडल तुटलं, असंच सगळ्यांनी धरलं. तुला हात सोडून चालवायची खोड होती, आळीनं ते पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तुला अंगणात सगळ्यांदेखत मारलं. तू एकच वाक्य म्हणत होतास, "म्या हात सोडले न्हाईत, अण्णा." जूनमध्ये तू इचलकरंजीला मामाकडे शिकायला गेलास. नंतर जामनगर. त्यानंतर घरी आलास तो पाहुण्यासारखा, लग्नाला, बारशाला. अण्णा गेले तेव्हाही तिसऱ्या दिवशी निघालास.

हँडल जोडायला मी कापूरहोळला दादू वेल्डरकडे गेले. अण्णांच्या बरोबरीचे, आता सत्तरी ओलांडलेली, दुकान मुलगा बघतो. मी गुंडाळी सोडली आणि त्यांनी चष्मा चढवला. मग उन्हात नेऊन मला दाखवलं. "पोरी, हितं बघ. करवतीचे दात दिसत्यात का?" दिसत होते. नळी कापताना करवतीचे उठलेले ओरखडे, जसेच्या तसे. "म्हंजे लोखंड आत पाघळलंच न्हाई. वरनं नुसती साय धरलीया. ह्यो जोड आदळून तुटला न्हाई. चालत्या गाडीवर सुटला, म्हणून गाडी आदळली."

मी तो तुकडा पुन्हा उन्हात धरला. दादा, जोड अण्णांनी मारलेला होता.

दादूकाका म्हणाले, "तुझ्या बापाला म्हाईत हुतं. तिसऱ्या दिशी ह्येच घेऊन आला माझ्याकडं. माझ्यापुढं ठिवलं. मग म्हनला, दादू, पोराला मारलं म्या." त्या दिवसापासून अण्णांनी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. आपल्याला सांगायचे, डोळे गेले. डोळे गेले नव्हते, दादा. शेवटपर्यंत ते सुईत दोरा ओवत होते. तुला सांगायला दोनदा एसटीत बसले. एकदा कराडपर्यंत येऊन माघारी फिरले, आणि दुसऱ्यांदा इचलकरंजीत मामाच्या गल्लीच्या तोंडाशी तासभर उभे राहिले. तू सायकलवरून समोरून गेलास, म्हणे. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दादूकाका मला म्हणाले, "त्याला वाईट नको म्हनू. लई चांगला कारागीर हुता. येकच जोड कच्चा पडला आन् त्याखाली माणूस दबला."

मी वाईट म्हणू शकले नाही. रागही आला नाही. नुसती थक्क झाले. ज्या हातांनी पत्र्याची कड आत दुमडली, त्याच हातांनी तो जोड मारला, आणि त्याच हातांनी मरेपर्यंत पुन्हा पुन्हा ग्रीस लावून त्याचा पुरावा जपून ठेवला. ओढ्यात फेकून दिला असता तर कोणाला कळणार होतं?

दादूकाकांनी नवा जोड स्वतः मारला, मुलाला हात लावू दिला नाही. थंड झाल्यावर त्यावर दोघांनी उभं राहून बघितलं. काल सकाळी भात काढलेल्या रिकाम्या खाचरात टिल्लू नेली. शिवानीला हेल्मेट घातलं, सीट तिसऱ्या भोकावर चढवली, बोल्ट पहिल्यांदाच आत जाताना कुरकुरला. मी मागून ढकलत पळाले. चार पावलं, सहा पावलं, आणि धडधड सुरू झाली. तोच आवाज, दादा! पोरगी बांधापर्यंत गेली, वळली, परत आली. आई खुर्चीवर बसून बघत होती, पदर तोंडाला लावून. शिवानी उतरल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "स्वरूपला बोलव ना मामाबरोबर. त्याला मी शिकवते." तुझा स्वरूप नऊचा झाला ना? त्याला दुसरं भोक बसेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. भोरच्या दवाखान्यात माझा हात प्लास्टरमध्ये घातल्यावर अण्णा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दादानं हात सोडले हुते ना गं?" मी तुझ्या मागेच बसले होते. तुझ्या काखेतून मला सगळं दिसत होतं. तुझे दोन्ही हात हँडलवर होते. हँडल तुझ्या हातात वर आलं, आणि तू ते घट्ट धरून ठेवलंस. पण अण्णांच्या तोंडावर "हो" ऐकण्याची अशी काही भूक होती की मी मान हलवली. तुला मारलं ते माझ्या त्या मानेमुळं. नऊ वर्षांची होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. वीस वर्षांची झाले, तीसची झाले, तेव्हाही बोलले नाही, हे मात्र काही सांगून भागत नाही. काल संध्याकाळी आईला सांगितलं. तिनं माझा डावा कोपर हातात घेतला. मग म्हणाली, "मला नगं सांगू. त्याला लिव." म्हणून लिहिलं, दादा. तू हात सोडले नव्हतेस. मी पाहिलं होतं.

तुझीच,
नूतन