कच्च्या खिम्याची चव

१४ जून
डाव्या डोळ्याला स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसतात. उजव्याला सरळ. बायको दिलेता म्हणते, "वाइन कमी करा." वाइनचा दोष असता तर दोन्ही डोळ्यांना वाकड्या दिसल्या असत्या!

१७ जून
शेवटी बायकोपुढे हार मानली. शहरात, एरेशिमला, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यात जुनाच जंतू दबा धरून होता, तो उठलाय. पडद्याला सूज आहे. शिवाय जुन्या व्रणाच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात — त्या पाझरतात. वेळीच आवरलं नाही तर मधली नजर जाईल.

"कच्चं मांस खाता?"

"खात नाही. चाखतो."

हसल्या नाहीत. सॉसेजचा खिमा मीठ, मिरी, लसूण घालून मळला की कच्चाच जिभेवर ठेवायचा, ही इथली रीतच. त्याशिवाय मीठ कळणार कसं?

"जंतू त्यातूनच येतो. पोटातल्या बाळाला फार घातक. घरात कोणी गरोदर आहे?"

"नाही."

"तरी सगळ्यांना सांगा, आजोबा."

घरी सांगितलं, वयामुळे झालंय. खरं कळलं तर दिलेता मला खिम्याच्या परातीजवळ फिरकू देणार नाही. आणि या घरात चव बघायचा मान माझाच!

२५ जून
जंतूवर सल्फाच्या गोळ्या, सुजेवर वेगळ्या. भूक राक्षसाची, झोप नाही. स्वभाव आधीच गोड, आता तर विचारूच नका.

९ जुलै
सूज उतरली. त्या नव्या रक्तवाहिन्या सुकाव्यात म्हणून आज थेट डोळ्यात इंजेक्शन. भीती वाटली — खूप. दुखलं मात्र चिमटा काढल्याएवढंच. अजून लागतील म्हणे.

१९ जुलै
डुक्कर कापलं. आमच्याकडे जुलै म्हणजे भर हिवाळा, थंडी कडक. खिमा मळून झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. धीर झाला नाही. म्हटलं, जीभ चावली गेलीय.

"द्या बाबा, मी बघते," सून रोझानी म्हणाली.

मी बाजूला सरकून तिला जागा दिली. तिने दोनदा चाखलं. "मीठ कमी आहे." तिचं बरोबर निघालं! विल्मार बायकोवर खूश. मला म्हणतो, "बाबा, गादी गेली तुमची."

६ ऑगस्ट
रेघा जवळजवळ सरळ. डॉक्टरीणबाई खूश.

१० ऑगस्ट
जेवताना विल्मारने ग्लास उचलून सांगितलं — रोझानीला तिसरा महिना. मी तिथेच जंतूचं सगळं बोलून टाकलं. उद्या सकाळी विल्मार तिला रक्त तपासायला नेणार.

"बाबा, मी खिम्यात बोट घातलं तेव्हा तुम्ही समोरच होतात ना?" एवढंच विचारलं तिने.