थप्पड बोईसरची

बोईसर, गणपतीचे दिवस, १९८३

माझ्या आईला नर्मदाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

नाटकात मी विनोदी मोलकरीण करते आणि कंपनीचे मालक दिगंबरराव शेटजी करतात, हे तुला ठाऊक आहे. लोक हसावेत म्हणून ते मला थप्पड मारायचे, तीही खरीखुरी. डाव्या कानानं हल्ली कमी ऐकू येतं, पण काळजी करू नकोस. हळू मारा म्हटलं, तर म्हणायचे, "लोक तुला नाही, माझ्या थपडेला हसतात."

काल इथल्या कामगार वसाहतीत प्रयोग होता. त्यांनी हात उगारला आणि मी पटकन वाकले. ते तोल जाऊन पडले. मी त्यांना उठवलं, धोतर झटकलं आणि सगळ्यांदेखत एक कानफटात दिली. मांडवात हशा थांबेना. पुढ्यातली एक बाई ओरडली, "आजून दे त्याला, बाय!" मी दिली.

पडदा पडताच त्यांनी मला काढून टाकलं.

आज सकाळी पालघरचे मंडळवाले आले, त्यांनी कालचा प्रयोग पाहिला होता. म्हणाले, "मालकाला मारणारी बाई असेल तरच नाटक लावू." दिगंबरराव सुजल्या गालानं माझ्या दारात आले. मी सांगितलं, यापुढे थप्पड मीच मारणार.

संध्याकाळी पालघरला प्रयोग आहे. हळू मारीन असं मी कबूल केलेलं नाही.

जपून राहा.

तुझीच,
नर्मदा