शिवरात्रीपर्यंत लिली

२ फेब्रुवारी, रविवार

प्रभूने कुत्री आणून टाकली! पामेरियन. नाव लिली. पांढरी, केसाळ, वजन साडेतीन किलो. आपला बोका हिच्यापेक्षा जड भरेल. हिंगोलीत माझ्या या भावाच्या घरमालकाने कुत्रं नको म्हणून बजावलंय. शिवरात्रीच्या आत सोय करायची. नांदेडचं एक जोडपं न्यायला तयार आहे, पण द्यायला प्रभूचा जीव होत नाही. म्हणे, ताई, आधी तू ठेवून बघ, लेकरांसंग जमलं तर राहू दे.

यांना विचारलं तर म्हणाले, तूच ठरव. घरात चाळीस शेळ्या-मेंढ्या, त्यांतल्या एकीचं कधी मला ठरवू दिलं नाही. कुत्रीचं मात्र मी ठरवायचं!

३ फेब्रुवारी

मोबाईलवर वाचत बसले. एक म्हणतो, लहान लेकरांच्या घरात ही जात नको. दुसरा म्हणतो, याहून चांगली जात नाही. हाडं नाजूक, एवढं मात्र दोघंही म्हणतात. रागिणीला वाचून दाखवलं. ती नऊ वर्षांची, तिला समजतं. पाच वर्षांचा शिवहार तेव्हा बाहेर खेळत होता.

५ फेब्रुवारी

मामांनी लिलीची परीक्षा घेतली. माझे सासरे मेंढरांमागचं कुत्रं असंच पारखतात – भाकर टाकायची आणि अर्ध्यात तोंडापुढून काढून घ्यायची. गुरगुरलं तर ते करडांजवळ ठेवायचं नाही. लिलीने भाकर सोडली, दोन पावलं मागे सरकली आणि मामांकडे बघत बसली. मामांनी भाकर परत दिली, वर दूधही ओतलं. जनावर शहाणं हाय म्हणाले, पण कामाचं काय?

कामाचं काहीच नाही. काम न करता या घरात बसणारं हे पहिलंच कुणी. मला हेवा वाटला!

७ फेब्रुवारी

चहा पिताना माझ्या पायावर येऊन बसली. मी हललेच नाही. दुसरा कप घ्यायचा राहिला.

८ फेब्रुवारी

राहू द्यावी असं वाटतंय. अजून कुणाला बोलले नाही. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तिच्याकडे बघून नाक मुरडतात, आणि मग हळूच भाकरीचा तुकडा टाकतात.

९ फेब्रुवारी

लिली पुढचा पाय उचलून चालतेय. काटा भरला असेल. शोधला, सापडला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चावली. शिवहारला!

दुपारी ओट्यावर तो तिला उचलायला गेला, तिने करंगळीला दात लावले. थोडंच, पण रक्त आलं. लिलीच्या लसीचं कार्ड दाखवलं, तरी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलंच. अजून घ्यायची आहेत. आत्याबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. हे म्हणाले, ठरलं मग.

मीच प्रभूला फोन केला. चावते, घेऊन जा. रागिणी जेवली नाही. आणि मला लिलीचाच राग आला. एवढा जीव लावला होता!

११ फेब्रुवारी

प्रभू घेऊन गेला. मोटरसायकलवर, पिशवीत घालून. मी दारापर्यंतही गेले नाही.

जेवताना मामा एकदम म्हणाले, "भाकर काढली तरी गुरगुरली न्हाई. मंग लेकराला काहून चावली?"



१३ फेब्रुवारी

दुसरं इंजेक्शन झालं. शिवहार रडला नाही.

प्रभूचा फोन आला होता. जनावरांच्या डॉक्टरने लिलीचा एक्स-रे काढला. पुढचा पाय खांद्यात दुखावलाय, कुणीतरी जोरात ओढल्यासारखा. बरा होईल, महिना लागेल. आणि नांदेडवाले आता नको म्हणतात. प्रभूने त्यांना चावल्याचं सांगून टाकलं, खोटं कसं बोलू म्हणाला. चावरं कुत्रं कोण घेणार? शिवरात्र पुढच्या बुधवार सोडून त्याच्या पुढच्या बुधवारी. त्यानंतर ती कुठे जाणार, त्यालाही ठाऊक नाही.

शिवहारला जवळ घेऊन विचारलं. पाडलंस का तिला? न्हाई. मारलंस? न्हाई. खोटं बोलत नव्हता. आईला कळतं ते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शेळी व्याली. दोन करडं. बाहेर गार वारं होतं, म्हणून शिवहारला म्हटलं, एक आत आण. त्याने आणलं – पुढचा एकच पाय धरून, लोंबतं. आम्ही सगळे असंच आणतो. करडाला काही होत नाही.

मी गोणपाट अंथरत होते. हात तिथेच थांबला.

"लिलीला असंच उचललं होतं?"

"व्हय. तूच तर दावलं होतं."

खरंय. दिवाळीत मीच दाखवलं होतं, आणि जमलं तेव्हा शाबासकीही दिली होती. त्याने लिलीला करडासारखंच उचललं, आणि पाय दुखावल्यावर पुन्हा तोच पाय धरला. लाज वाटली. एवढं वाचलं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नाही.

मामांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळून दाढेत धरली. मग म्हणाले, "आपलं मेंढरांमागचं कुत्रं असतं तर हात फोडला असता. तिनं नुसते दात लावले."

१८ फेब्रुवारी

प्रभूला फोन केला. नांदेडवाल्यांना सांग, ती चावरी नाही, चूक आमची होती. त्याला हायसं वाटलं, लगेच कळवतो म्हणाला.

फोन ठेवला. मग पुन्हा लावला. त्यांना काही सांगू नको, मी लिलीला न्यायला साडेदहाच्या एसटीने येतेय. शिवहारही येतोय. कालपासून करडू दोन्ही हातांनी उचलतोय.