गॅरेजमागचा वाफा

११ जुलै १९६०
गयाबाईने आज सगळ्या बायांसमोर माझी अब्रू काढली! "मुकादम, बी एवढं खोल गाडता का? सडून जाईन न." सगळ्या फिदीफिदी हसल्या. भिलाईची ही नर्सरी मी सांभाळतो की ती?

ठीक आहे. उद्यापासून गॅरेजमागचा वाफा तिचा. ठेकेदाराची माणसं ट्रकांचं जळकं तेल तिथेच ओततात. करंजाची शंभर रोपं दिली, चार-चार बोटांची. सप्टेंबरात साहेब येतील. तोवर निम्मी जगली नाहीत तर हजेरीतून नाव कटणार, असं सांगून टाकलं. "मले कामाची लय गरज हाये जी," म्हणाली. म्हणूनच तर!

१५ जुलै
तिथे पाणी मुरतच नाही. पानं पिवळी, कडा करपलेल्या. तिचं तोंडही उतरलंय. दुपारची भाकरी गोड लागली.

२ ऑगस्ट
एकाहत्तर हिरवीगार — कशी काय? उंची मात्र तीच, चार बोटं. माझ्या वाफ्यातली वीतभर झाली. बाई रोज तिच्या गावाहून, बोरसीहून, शेणाची पाटी आणते. शेणातच काहीतरी असणार. विचारलं तर नुसती मान हलवते. माजली आहे.

७ सप्टेंबर
उद्या साहेब. आजच तिचं नाव कापलं. कारण लिहिलं — उद्धट. रडत गेली. मी विडी पेटवली.

८ सप्टेंबर
साहेब वाफ्यापाशी थबकले. "ऐसी मिट्टी में? किसने लगाए?"
"मैंने, सर."
पाठ थोपटली! गॅरेजमागचं अख्खं मैदान माझ्याकडे दिलं, पाचशे रोपं लावायची. "दिवाली तक आधे बचने चाहिए. नहीं तो मुकादमी किसी और को." त्यात काय! शेणाच्या सहा गाड्या सांगितल्या.

२९ सप्टेंबर
साडेतीनशे वाळली. शेण टाकून टाकून हात वास मारतात. तिच्या जुन्या वाफ्यात तर एकही उरलं नाही.

३० सप्टेंबर
बोरसीला गेलो. हात जोडले. पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हटलं. "बाई, शेणात काय मिसळत होता तुम्ही?"

गयाबाई तांदूळ निवडत होती. वर पाहिलंसुद्धा नाही.

"काहीच नाई. पाटीत शेणाखाली लपवून रोपं आणत होती. नाल्यावरच्या करंजाखाली लय उगवते. रोज मेलेलं उपटत होती, नवं लावत होती. त्या मातीत एकही नाई जगलं, मुकादम."