बाराव्या गावची जागा

लिहून ठेवणार मी, एनेलेसी काडझुवा, वय वर्षे एकोणसत्तर, कामधंदा शेती आणि गावोगाव फिरून येशूची सुवार्ता सांगणे, राहणार नाम्फुंगो, जिल्हा फालोंबे, मलावी. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, राजीखुशीने, कोणाचाही दाब किंवा दमदाटी नसताना, नशापाणी न करता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

शुद्धीबद्दल दोन मते आहेत. माझा धाकटा भाऊ लॅक्सन आमच्या रीतीप्रमाणे माझ्या लेकरांचा मामा, म्हणून घरचा कारभारी. तो गेले दोन आठवडे सांगत सुटला आहे की ताईचं डोकं फिरलंय. कारण एवढंच, की येत्या शनिवारी माझं लग्न आहे. डोकं जागेवर आहे. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नाहीत, एवढं मात्र कबूल करते.

नवरदेव म्हणजे चिवाले गावचे प्रमुख बोटोमानी, वय बहात्तर, मधमाश्या पाळतात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्याचा डोळा माझ्या पत्र्याच्या घरावर आहे. बरं तर. शनिवारच्या आत मी सगळं वाटून मोकळी होते. लग्नाच्या दिवशी त्यांच्या हाती फक्त मी लागेन, आणि माझे दोन गुडघे, तेही दुखरे.

आमच्या शाळेच्या बाई, त्रिफोनिया म्सिस्का, यांनी सांगितल्यावरून हेही लिहिते, की सदर मृत्युपत्र हे होणारा विवाह ध्यानात घेऊनच केलेले आहे, सबब विवाहामुळे ते रद्द समजू नये.

कलम १. घर. दोन खोल्या, वर पत्रे, मागे आंब्याचं झाड आणि कोंबड्यांचं खुराडं, हे सर्व माझी मुलगी एलुबी हिला. आमच्यात नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. पण बोटोमानींना गाव सोडता येत नाही, म्हणून मीच निघाले. एलुबी पोट धरून हसली. "आई, सत्तरीला सासरी? तिथं सासू नाही, सासरा नाही, तुला छळणार तरी कोण?" मी म्हटलं, मधमाश्या आहेत की.

कलम २. विटांचा लाकडी साचा. हा मी माझ्या अकराव्या गावच्या बायकांना देते, कारण त्यांच्या चर्चच्या भिंती अजून खिडकीपर्यंतच आल्या आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हापासून मी हेच काम केलं. गावात जायचं, देवाचं नावही काढायचं नाही, बायकांबरोबर मका कांडायला बसायचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, बाई, तुम्ही आलात कशाला? मग सांगायचं. गावप्रमुखाने जागा दिली की विटा पाडायच्या, भिंती चढवायच्या, वर गवत. माणसं आपले वडीलजन आपणच निवडू लागली आणि गाणाऱ्या बायका एकसारख्या कापडाच्या रंगावरून भांडू लागल्या, की समजायचं मंडळीने मूळ धरलं. मग मी पुढच्या गावाला निघते. रोप लागल्यावर माळ्याने तिथेच ठाण मांडू नये.

कलम ३. बॅटरीवरचा भोंगा. हा लॅक्सनला. नाहीतरी माझ्या डोक्याची बातमी तो गावभर ओरडून सांगतोच आहे, घसा तरी वाचेल. भोंग्याचा एक गुन्हा मात्र नोंदवून ठेवते. चौथ्या गावात परदेशी पाहुणे आले होते. त्यांनी ह्याच भोंग्यातून विचारलं, आज येशूला कोण स्वीकारणार? सगळ्या गावाने हात वर केले. आधीच बाप्तिस्मा झालेल्यांनीही केले, मीही केला. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? पाहुण्यांनी तीनदा मोजदाद केली आणि एकशे चौदा आत्मे लिहून घेतले. गावात माणसं नव्वद. काही जणांनी दोन्ही हात वर केले होते, त्यात आमच्या वडीलजनांपैकी कामफोसो एक.

कलम ४. ह्याच कामफोसोंना एक कागद. तिसऱ्या गावच्या चर्चच्या दारावर त्यांनी दगड बसवला, 'कामफोसो यांच्या परिश्रमाने'. त्यांचे परिश्रम म्हणजे विटा पाडल्या जात असताना ते झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते आणि खुर्चीचा पाय मोडला. ज्या बावीस बायकांनी नदीवरून डोक्यावर पाणी आणलं, त्यांची नावं ह्या कागदावर आहेत. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, कामफोसोंनी ती मोठ्याने, उभं राहून वाचावीत. वाचली तर माझ्या मनात काही नाही. नाही वाचली तर स्वर्गात मी त्यांच्या शेजारी बसणार नाही, देवबापाने जागा तिथेच दिली तरी.

कलम ५. सायकल नाम्फुंगोच्या मंडळीला. तिला ब्रेक नाही, पण नदीकडच्या उतारावर स्तोत्र म्हणत गेलं की भीती वाटत नाही. बँकेत काही नाही, कधीच नव्हतं.

कलम ६. बोटोमानी यांना काहीही नाही. हे मी विसरून नाही, जाणूनबुजून लिहिते. आता कारणही लिहिते, कारण हे वाचणाऱ्याला ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही.

चिवाले हे माझं बारावं गाव. खरं तर तिथे मी अकरांपैकी नऊ गावांच्या आधी गेले होते. तेवीस वर्षं, दर वर्षी कापणी झाली की चार तास चालून जायचं आणि चर्चला जागा मागायची. बोटोमानी प्रमुख, त्यांच्या होकाराशिवाय तिथे विटेवर वीट चढत नाही. त्यांची बायको आधीच गेली होती. ते माझं सगळं ऐकून घेत, प्रश्न विचारत, जेवू घालत, मधाची बाटली देत, आणि म्हणत, पुढच्या वर्षी बघू. मी घरी येऊन गुडघे टेकायची आणि देवाला सांगायची, ह्या माणसाचं मन दगडाचं आहे, पण मक्याच्या पिठाची न्सिमा फार मऊ करतात त्याच्या घरी.

यंदा जूनमध्ये मी शेवटचं विचारायला गेले. गुडघे संपले होते. सांगितलं, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी आता पुन्हा येणार नाही. त्यांनी नेहमीसारखं माझ्या हातावर पाणी घातलं आणि कोंबडीचा पेटा माझ्या ताटात वाढला. आमच्याकडे पेटा, कोंबडीच्या पोटातला तो एकच कडक तुकडा, घरधन्याच्या ताटातच पडतो, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्यांची बहीण वाढत होती, तिने पळी भांड्यात आपटली. "तेवीस वर्षं हा माणूस आपल्या ताटातला पेटा काढून तुम्हाला वाढतोय. आणि म्हणे तुम्हाला शास्त्र वाचता येतं."

देवाशप्पथ, मला वाटत होतं तो मान सुवार्तेचा आहे.

मी त्यांना विचारलं, असं होतं तर जागा का दिली नाहीत. ते ताटाकडे बघत म्हणाले, "पहिल्या वर्षी हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या वर्षी तुम्ही आला असतात का?"

नसते आले. मला राग आला, एका गावाला माझ्यापायी तेवीस वर्षं चर्च मिळालं नाही म्हणून. आणि त्याच वेळी असं हसू फुटलं की खाल्लेला घास नाकात गेला. त्या दोन्हींतून मी अजून सावरलेले नाही.

लग्न ठरलं. वडीलजनांनी ठराव केला की नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, सबब एनेलेसीला सहा महिने चर्चमधलं प्रभुभोजन बंद. मी बोटोमानींना विचारलं, घेता का बाप्तिस्मा? ते म्हणाले, "बायको मिळावी म्हणून देवाकडे गेलो, तर देवाला काय वाटेल?" सहा महिने मी चर्चबाहेर ओट्यावर बसेन, गाणं तिथूनही म्हणता येतं. त्याचं दुःख नाही. दुःख हे, की जागा त्यांनी अजूनही दिलेली नाही. तोंडाने म्हणत नाहीत, पण मला कळतं. त्यांना वाटतं, बारावं चर्च उभं राहिलं की ही बाई तेराव्या गावाला निघेल.

कलम ७. माझा देह. अकरा मंडळ्यांत त्यावरून आत्ताच भांडण जुंपलं आहे, आणि मी अजून दोन वेळा जेवते. लॅक्सनचं म्हणणं, रीतीप्रमाणे बाई आईच्या माणसांच्या दफनभूमीतच जाते. रीत मला माहीत आहे. तरी मी असे लिहून ठेवते, की मला चिवाले येथे पुरावे. गावाच्या वेशीवरच्या मोठ्या अंजिराजवळ, जिथे मी दर वर्षी चपला झटकते. तिथून मला कोणीही, कोणत्याही कारणाने, हलवू नये. अकराही मंडळ्यांनी तिथे चालत यावं आणि मोठ्याने गाणी म्हणावीत.

सह्या होताना जे घडलं तेही म्सिस्का बाईंच्या परवानगीने लिहिते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येतं, म्हणून बोटोमानींना बोलावलं होतं. ते ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले. कलम सातपाशी बोट थांबलं. मग परत पहिल्या शब्दावर गेलं. बाईंचा चहा निवला तरी ते वाचतच होते.

"म्हणजे तुम्ही आता कुठे जाणार नाही," ते म्हणाले.

मी होकाराची मान डोलावली.

मग ते म्हणाले, अकरा गावची माणसं येतील, ती काय उन्हात उभी राहणार? मांडव लागेल. मी म्हटलं, अहो, मला एवढ्यात मरायचं नाही, शनिवारी लग्न आहे. ते म्हणाले, गवत ह्याच दिवसांत कापायला मिळतं, मी उद्या माणसं पाठवतो. लांबी-रुंदी सांगा.

मी म्हटलं, चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, बसायला मातीचे ओटे. ते हसले. चर्चसाठी हेच माप मी त्यांना तेवीस वेळा सांगितलं होतं.

"पण मी मरेपर्यंत तो रिकामा पडून राहील," मी म्हटलं.

"रविवार सोडून," ते म्हणाले, आणि सही केली.

लिहून ठेवणार: एनेलेसी काडझुवा (सही)

साक्षीदार:
१. बोटोमानी, गावप्रमुख, चिवाले (सही)
२. त्रिफोनिया म्सिस्का, शिक्षिका, नाम्फुंगो (सही)

ठिकाण: नाम्फुंगो, माझ्याच ओसरीवर
दिनांक: गुरुवार, १६ ऑगस्ट २०१८